त्या कॅसेटवरचा आवाज

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. तो जिवंत असतानाच सांगायला हवं होतं.

ऐंशीच्या दशकात कतारला, दोहा शहरातल्या बिन महमूद भागात एका खोलीत आम्ही दोघे राहायचो. तो रत्नागिरीकडचा एसी मेकॅनिक, माझ्याहून मोठा; मी त्याला दादा म्हणायचो. घरची माणसं तेव्हा कॅसेटवर बोलून पाठवायची. ती ऐकून तिच्यावरच आपलं उत्तर भरायचं आणि गावी जाणाऱ्याच्या हाती परत द्यायची, अशी रीत होती.

ऑफिसातल्या फ्रेंच साहेबाने मला एका सिनेमाची व्हिडिओ कॅसेट पाहायला दिली. युद्धात मेलेल्या प्रियकराला आपण विसरत चाललोय, या भीतीने त्यातली बाई कासावीस होते. मला तिचा आवाज जपून ठेवावासा वाटला. खोलीतला रेडिओ-टेपचा टू-इन-वन टीव्हीसमोर ठेवून मी तो टेप केला. दादाच्या उशाशी एक कॅसेट होती, तीच घेतली. ऐकून झालेली असणार, असं धरून चाललो. त्याची बायको वारली होती आणि तिची ती शेवटची कॅसेट त्याने परत पाठवलीच नव्हती.

शुक्रवारी त्याने ती लावली. आधी हसला. "ही कोण रे मडमीण?" मग कॅसेट पुढे पळवली. शेवटपर्यंत तीच बाई; दुसरी बाजू मुळातच कोरी.

"रेडिओ लावताना माझंच बोट रेकॉर्डवर पडलं असणार," तो म्हणाला. "खलास. माझ्याच हाताने पुसली मी तिला."

"होतं असं कधी कधी, दादा," मी म्हणालो.

तो कायमचा गावी निघाला तेव्हा सांगायचं ठरवूनच मी विमानतळावर गेलो होतो. त्याने मला मिठी मारली आणि माझ्या तोंडून फक्त "जपून जा" निघालं. म्हणायचं होतं ते एवढंच: दादा, ती तुम्ही नाही, मी पुसली. मला माफ करा.