लेन्स आधी, कॅमेरा नंतर

शांती नगरच्या बागेत आम्ही तीन म्हातारे रोज सकाळी एकाच बाकावर बसतो. लेथ मशीनखाली लोखंडाचं कतरण साचतं, तसे तिथे किस्से साचतात. वेळीच झाडले नाहीत तर पायाला लागतात. म्हणून झाडतो.

मी मूळचा समुद्रकाठच्या पालीचा, कोळी. शिक्षण चौथी. एका बोटीवर दोन भावांचं भागणार नव्हतं, म्हणून बाबांनी मला भाईंदरच्या कारखान्यात लेथवर लावलं. दादा समुद्रावर राहिला. यंदा दादा म्हणाला, "पावसाआधी बोट विकतंय. चालवाला कोन न्हाय."

मी मनात ठरवलं, ती जाण्याआधी तिचा एक फोटो काढायचा. समुद्रावरून घरी येतानाचा, सुकाणूवर दादा. कारखान्याच्या खिडकीबाहेर पाहिलं की चाळीस वर्षं तेच डोळ्यांसमोर यायचं.

*

पहिला फोटो मोबाइलवर काढला. बाकावर देशपांड्यांना दाखवला. हे निवृत्त कारकून, गिरगावातून इथे आलेले.

"नामदेवराव, समुद्र छान आलाय. पण बोट?"

"ते काळं."

"हात्तिच्या! मी मघापासून माशी हाकलतोय!"

त्याच दिवशी ठरलं. लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, डीएसएलआर.

*

देशपांड्यांकडे कॅमेऱ्यांची जाडजूड वही आहे. डाव्या पानावर बॉडी, उजव्या पानावर लेन्स. त्यांनी बजावलं, "आधी बॉडी ठरवा. मग तिच्या माउंटला, म्हणजे तोंडाला, बसणारी लेन्स. उलटं करू नका."

आमचे शहाभाई भांड्यांचे दुकानदार. ते कशालाही एकच विचारतात, "मेगापिक्सेल किती?" माझ्या कानाच्या मशीनलाही विचारलं होतं!

मी देशपांड्यांना विचारलं, "तुमचा स्वतःचा कॅमेरा कोणता?"

"घ्यायचाय. सहा वर्षं अभ्यास करतोय."

दादाची बोट सहा वर्षं थांबणार नव्हती.

*

मी उलटंच केलं.

भाईंदरला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता. तिथे काचेच्या कपाटात एक लांबडी लेन्स पाहिली. अख्खी धातूची, मागे आटे पाडलेले. फोकसची रिंग फिरवली. लोण्यासारखी फिरली, कुठे खडखड नाही. असं काम करणारा कारागीर आता मिळत नाही. मी ती लगेच घेतली.

घरी बायको म्हणाली, "वल्हं आनलंत. होडी कुठं हाय?"

*

मग बॉडी. देशपांड्यांना घेऊन मीरा रोडच्या दुकानात गेलो, वापरलेली एक पसंत केली. दुकानदाराने माझी लेन्स हातात घेऊन मान हलवली.

"चाचा, ये इसपे नहीं बैठेगा. माउंट अलग है."

"नहीं बैठेगा तो मैं बिठाएगा!"

तो बिचारा सोबत त्याच बॉडीची लेन्स देत होता. मी हातात घेऊन पाहिली. प्लास्टिक! परत केली, नुसती बॉडी घेतली.

देशपांडे दुकानाबाहेर येऊन म्हणाले, "अहो, लेन्स काचेसाठी घेतात, पत्र्यासाठी नाही!"

मी ऐकलं नाही.

*

जुन्या कारखान्यात अजून ओळख आहे. एक दुपार लेथ मागून घेतला आणि दोन्ही जोडणारी रिंग कातली. एका बाजूला लेन्सचे आटे, दुसऱ्या बाजूला बॉडीचा माउंट. केसाचाही फरक नाही. टच्चकन बसली!

बाकावर मिरवत नेली. कॅमेरा देशपांड्यांवर रोखला. नाकातले केस मोजता येतील इतका स्पष्ट फोटो! शहाभाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग समोरच्या इमारतीवर रोखला. धुकं. फोकस रिंग शेवटपर्यंत फिरवली. धुकंच.

देशपांड्यांनी वही उघडली. "तुमच्या रिंगमुळे लेन्स पुढे सरकली. आता लांबचं फोकस होणार नाही."

"जाडी कमी करतो. किती करू?"

"या बॉडीवर रिंग अजिबात नसली, तरी लेन्स मिलिमीटरभर पुढेच राहील."

मिलिमीटर! जन्मभर मी त्याचा शंभरावा भाग पकडला.

पावलं मोजली. बारा पावलांच्या आतलं सगळं स्पष्ट, पलीकडचं काही नाही. मासेमारीचा हंगाम चार दिवसांत संपत होता.

*

शेवटच्या फेरीला मी पालीच्या धक्क्यावर उभा राहिलो. देशपांडे आणि शहाभाईही आले. दादाला आदल्या दिवशी सांगितलं होतं, "बारा पावलांच्या आत ये."

"बोट हाय ती, रिक्षा न्हाय!" तो उसळला होता.

पण आला. धक्क्याजवळ इंजिन बंद केलं. नव्याने रंग लावल्यासारखी बोट धुतली होती. ज्या माणसाने समुद्रावर कधी इस्त्रीचा सदरा घातला नाही, तो इस्त्रीच्या सदऱ्यात सुकाणूवर ताठ उभा. बोट हळूहळू सरकत आली. वीस पावलं. पंधरा. कडेचा खलाशी दादावर ओरडला, "तांडेल, आपटंल!" दादाने ऐकलं नाही.

बारा.

मी डोळा लावला. त्या लेन्समध्ये बोट मावेना. पुढच्या टोकाची नाळ नाही, फळी नाही, झेंडा नाही. नुसता दादा. पांढऱ्या भुवया, सुकाणूवरचा हात, आणि माझ्याकडे लागलेली नजर.

मी बटण दाबलं.

"नाम्या, बोट आली का रं सगली?" दादा ओरडला.

"आली," मी म्हणालो. "सगळी आली."