ज्याचा खर्च त्याला

"बरं, झालं ते झालं. आता पुढचं बोला."

पदर खोचत मावशी हे म्हणायच्या. कोर्टात नुसती तारीख पडली की भल्याभल्यांचे चेहरे उतरतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. मावशींचा उतरत नसे.

त्या शिरूर कासारकडच्या. नवरा गेल्यावरही बहिणीच्या जोडीनं दरवर्षी ऊसतोडीला जायच्या. एका वर्षी परत आल्या तर सख्ख्या दिरानं त्यांच्या रानाच्या वाटेवर काटेरी तार ठोकलेली. बैल जाईनात, ट्रॅक्टर जाईना. रान पडीक पडलं.

मी त्यांची वकील. दाव्यात दोन मागण्या होत्या. वाट मोकळी करा, आणि बांधालगतची पट्टी दिरानं दाबलीय, ती परत द्या.

"पट्टीचं नक्की ना, मावशी?"

"सासऱ्यानं दाखवली हुती बाई, माझ्या डोळ्यादेखत."

हंगामातही तारखेला त्या कारखान्यावरून यायच्या. हातावर पाचटाचे ओरखडे, फडक्यात भाकरी आणि ठेचा. दीर समोरच्या लिंबाखाली पाठ करून बसायचा. एकदा त्यानं डबा आणला नव्हता. मावशींनी भाकरी माझ्या हातात ठेवली.

"त्याला द्या. म्या दिली म्हणू नका."

दिरानं पहिला घास घेतला आणि खाली मान घालून म्हणाला, "ठेचा वैनीचा हाय."

पट्टीसाठी दिरानं स्वतः पैसे भरून सरकारी मोजणी करून घेतली. निकालाच्या दिवशी न्यायाधीश मॅडमनी तीच आधी वाचली. पट्टी दिराचीच होती. मावशींनी माझा हात घट्ट धरला. मग वाटेचा निकाल आला. वाट मावशींची, तार ताबडतोब काढावी.

उरला दाव्याचा खर्च. दिराचे वकील म्हणाले, "बाई अर्ध्या हरल्या. ज्यानं त्यानं आपापला सोसावा." मी म्हणाले, "वाट अडवली नसती तर त्या कोर्टाची पायरी चढल्याच नसत्या."

मॅडमनी दोघांचंही म्हणणं पूर्ण मानलं नाही. वाटेसाठी झालेला खर्च दिरानं द्यावा, कारण त्यासाठी मावशींना यावंच लागलं. पट्टीचा आणि मोजणीचा खर्च मावशींनी द्यावा, कारण तो दावा टिकला नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. मला वाटलं, पट्टीसाठी रडतील.

"असं सरळ वाटप तर आमच्या सासऱ्यानंबी केलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

एकातून दुसरं वजा करून राहिलेलं घेऊ, असं मी सुचवलं. मावशींनी मान हलवली.

"वजा न्हाई करायचं. माझ्याकडं त्याचं जे निघतं, ते म्या त्याच्या हातात देणार. त्यानं माझं माझ्या हातात द्यावं. तोंड तर बघंल माझं!"

ठरल्या दिवशी दोघं व्हरांड्यात समोरासमोर उभी राहिली. मावशींनी आधी हात पुढं केला.

"घे. पट्टी तुझीच हुती. माझी समज चुकली."

दिरानं नोटांची घडी पुढं केली.

"वैनी, मोजून घ्या."

"कोर्टानं मोजलंय. तू तार कवा काढतो, त्ये सांग."

"आज जाऊनच काढतो."

मग पहिल्यांदाच दोघं एका बाकावर बसून चहा प्याली. मी मुद्दाम लांब उभी राहिले.

त्यानंतर मावशी कोर्टात आल्या नाहीत. यायचं कारणच उरलं नाही. दिवाळीनंतर दुसऱ्या एका कामासाठी त्यांच्या गावाकडं गेले होते. ऊसतोडीचे ट्रक भरून निघत होते, गल्लीतल्या घराघराला कुलूप. मावशींच्या दारालाही कुलूप दिसलं आणि माझं मन खट्टू झालं. एवढं करून शेवटी ट्रकच?

शेजारची म्हातारी ओट्यावरून ओरडली, "कारखान्यावर न्हाई गेली ती! दिराला घेऊन रानात गेलीय. जवारी पेरायलीत."