भलत्याच निवेदकाला नमस्कार

आन्सेल्मोच्या हातून नमस्कारांच्या फायलींची अदलाबदल झाली आणि निकासियोच्या सकाळच्या कार्यक्रमात नवी गायिका युदेल्का हिचा गोड आवाज घुमला, "सकाळचा राजा एकच, माझा फ्रेमियोदादा!" फ्रेमियो म्हणजे दुसऱ्या स्टेशनवरचा निवेदक, निकासियोचा हाडवैरी. मोका शहरात नवं गाणं रेडिओवर लावायचं तर गायिकेला प्रत्येक निवेदकाला नाव घेऊन नमस्कार घालावा लागतो. ते नमस्कार पोचवण्यावरच आन्सेल्मोचं पोट होतं.

निकासियोनं गाणं तिथंच तोडलं. शनिवारी जत्रेचं मंडळ गायिका निवडणार होतं, आणि रेडिओवर न वाजलेल्या पोरीला कोण विचारतंय?

आन्सेल्मो धावत स्टेशनवर गेला. "साहेब, चूक माझी. तिला कशाला शिक्षा?"

"जा की तुझ्या राजाकडे! सगळी गल्ली मला विचारतेय, गादी कधी सोडलीस म्हणून."

"तुमच्या नावाचा नमस्कार आणलाय. ऐका तरी."

"नुसत्या नमस्कारानं पोट भरतं होय? तुझ्या बायकोच्या हातचं बोकडाचं मटण खिलवतोस?"

"खिलवतो!"

मग नमस्कार अख्खा वाजला, तोही दोनदा. गाण्यावर मात्र निकासियो तांदळाची जाहिरात बडबडत राहिला आणि काचेपलीकडे आन्सेल्मो कपाळ बडवत राहिला. शेवटचं कडवं तेवढं मोकळं सुटलं. तेवढ्यावर मंडळानं युदेल्काला बोलावलं, पण भर दुपारी दोन वाजता, रिकाम्या खुर्च्यांपुढं गायला.

मटण अजून व्हायचंय. आन्सेल्मोची बायको म्हणते, "घोळ तू घातलास, बोकड तूच शिजव."