तवंदीच्या उतारावर

आमच्या शेजारच्या आप्पांएवढा भित्रा माणूस अख्ख्या अनगोळात सापडायचा नाही, आणि माझ्या कथांना त्यांच्याएवढा कडक श्रोताही. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले हे धिप्पाड गृहस्थ, काकू गॅस पेटवायला लागल्या की अंगणात जाऊन उभे राहतात. रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला चार हात पुढे नेऊन ब्रेक मारून दाखवायला लावतात. जत्रेत नात पाळण्यात बसली, तर पाळणा थांबेपर्यंत यांची पाठ तिकडे.

लिहिलेली प्रत्येक कथा मी आधी त्यांना वाचून दाखवतो. नायिका रडली असं आलं की ते विचारतात, "कुठं बसून रडली?" मला ती ओळ खोडावी लागते.

परवा घाटात बसचा ब्रेक निकामी होतो, अशी कथा वाचत होतो. 'ब्रेक लागेना. सगळे प्रवासी भयभीत झाले.' आप्पांनी मला थांबवलं.

"सगळे म्हंजे कोण रं? ह्यो पंचनामा झाला, गोष्ट न्हाय."

"मग कसं लिहू, आप्पा?"

ते खुर्चीच्या कडेवर सरकले.

"तवंदीचा घाट उतरत हुतो. पाय दाबला, तर पेडल थेट खाली गेलं. मागं कोण वराडलं न्हाय. त्यास्नी ठावंच न्हवतं. मला एकट्यालाच ठावं. मागच्या सीटवर एक बाई बाळ घेऊन बसलेली. तिनं इचारलं, 'आण्णा, निपाणी आली काय?' म्या म्हटलं, 'आलीच, आक्का. बाळाला नीट धर.'"

बोलताना त्यांचा उजवा पाय फरशी दाबत होता. माणूस समोर धडधाकट बसलेला दिसत असूनही मी घाबरून विचारलं, "मग?"

"डोंगराच्या अंगाला घासत नेली. थांबली एकदाची. मान्सं उतरली आन् मलाच शिव्या दिल्या, गाडी चालवाय येत न्हाय म्हणून. बाळ निजलेलंच. माझा पाय काय उचलंना, दोघांनी धरून खाली उतरवलं."

काकू दारात उभ्या होत्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, आणि हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"मला कवा सांगितलं न्हाईसा?"

"तू भ्याली असतीस," आप्पा म्हणाले.

मी कथा पुन्हा लिहिली, त्या बाईच्या प्रश्नापासून. वाचायला बसलो, तर अर्ध्यातच आप्पांनी हात वर केला. "पुरं. फुडचं नगं वाचू." काकू त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. मी कागद मिटले. कथा चांगली उतरली आहे. इतकी, की ती छापायला पाठवू का, हे आप्पांना विचारायचं धाडस मला अजून होत नाही.