‘बंटी’च्या गाड्या आणि आमचे लिहिण्याचे नियम

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चार माणसं एकत्र काम करतात, कोणाच्या तरी मनाला काहीतरी लागतं, त्या वेळी सगळे गप्प बसतात, आणि दोन-तीन वर्षांनी चहा पिताना तेच सांगितलं जातं. आमच्या वेबसाइटवर ‘लिहिण्याचे नियम’ असं एक पान होतं. बाहेरचा माणूस ते वाचून म्हणायचा, काय शिस्तीची मंडळी आहेत! आम्हाला मात्र प्रत्येक नियमामागे आमच्यातल्याच कोणाचा तरी चेहरा दिसायचा.

आम्ही कोण ते आधी सांगतो. आमच्या लहानपणी ‘बंटी’ नावाच्या धातूच्या छोट्या गाड्या मिळायच्या. तळहातावर मावणारे ट्रक, जीप, टँकर. कंपनी कधीच बंद पडली, पण गाड्या जपणारे लोक राहिले. त्या गाड्यांची विकी, म्हणजे कोणीही लिहावं आणि दुसऱ्यानं ते सुधारावं अशी वेबसाइट, आम्ही चौघं भिवंडीतून मराठीत चालवत होतो. ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. धामणकर नाक्याजवळ इम्तियाजचा सायबर कॅफे होता. शुक्रवारी कापड विणणारे लूम बंद, गल्लीत खडखडाट नाही, म्हणून सकाळी तिथे बसायचो. कर्णिकबाई शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका, त्या आमच्या मुख्य. पाटीलशेठ खाडीकाठच्या कशेळीचे, गोदामवाले. इम्तियाज स्वतः. आणि मी, एका छापखान्यात प्रूफं तपासणारा.

* * *

पहिला नियम माझ्यामुळे झाला.

गाड्या जमवायचा नाद खरा कर्णिकबाईंच्या यजमानांना होता. ते गेले आणि बाईंच्या घरी कपाटभर गाड्या राहिल्या. कोणाला देऊन टाकण्याआधी त्यांची नोंद तरी व्हावी, म्हणून बाईंनी हे सगळं सुरू केलं. पहिलं पान त्यांनीच लिहिलं, पिवळ्या रोड रोलरचं. लांबी, रंग, चाकं, सगळं नेटकं. शेवटी एक वाक्य होतं: ‘ही गाडी यांना फार आवडायची.’

मी प्रूफरीडर. माझी नजर तिथेच अडकली. म्हटलं, “बाई, ‘यांना’ म्हणजे कोणाला? वर कोणाचं नाव आलेलं नाही.”

पाटीलशेठनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बाईंनी चष्मा नीट केला, वाक्य पुसलं आणि म्हणाल्या, “बरोबर आहे. वाचणाऱ्याला कळायला हवं.” मग नियमांचं पान उघडून स्वतःच लिहिलं: नाव आल्याशिवाय सर्वनाम वापरू नये.

* * *

पाटीलशेठचा शब्द होता ‘दुर्मिळ’. त्यांनी लिहिलेली प्रत्येक गाडी दुर्मिळ. बाई काढायच्या, शेठ पुन्हा घालायचे.

शेठकडे एक लाल क्रेन होती. तशी दुसरी कोणाकडेच नाही, असं ते छातीठोक सांगायचे. तिच्या पानावर ‘दुर्मिळ’ राहू द्यायला बाईही तयार झाल्या. फोटो चढवला. आठवड्यात तिघांचे फोटो आले, नागपूर, सांगली आणि वसईहून. तिघांकडे तीच लाल क्रेन.

शेठ दोन शुक्रवार आले नाहीत. तिसऱ्यांदा आले, खुर्चीत बसले आणि स्क्रीनकडे न बघता बोलले, “आमची शेती गोदामांखाली गेली. मासे गेले, खाडीत जाळं टाकायची सोय न्हाय. सगळ्या गावाचं तेच झालं. ही एक गाडी तेवढी माझी एकट्याची होती.”

‘दुर्मिळ’ त्यांनी स्वतः काढला. पुढे कोणालाच तो वापरायची बंदी झाली.

* * *

बंटीची अँब्युलन्स पांढरी असायची. पण काही थोड्या हिरव्या सापडायच्या, आणि त्या का ते कोणाला माहीत नव्हतं.

इम्तियाजला माहीत होतं. त्याचे अब्बा भिवंडीला येण्याआधी बंटीच्या कारखान्यात रंगखात्यात होते. त्यानं पानावर लिहिलं, ‘एकदा पांढरा रंग संपला म्हणून हिरवा मारला.’

बाईंनी विचारलं, “आधार काय?”

“अब्बा.”

“छापील काही?”

“बाई, अब्बा छापील कुठून आणू?”

वाक्य गेलं. ऐकीव माहिती चालणार नाही, हा नियम पक्का होता. त्या दिवशी इम्तियाजनं आमच्यासोबत चहा घेतला नाही.

सहा-सात महिन्यांनी बाईंचंच मन बदललं. म्हणाल्या, आपण इम्तियाजच्या अब्बांकडे जाऊ, त्यांचं बोलणं उतरवून घेऊ, तोच आधार. आम्ही गेलो तेव्हा अब्बांना अर्धांगाचा झटका येऊन पंधरा दिवस झाले होते. वाचा गेली होती.

बाईंनी हिरवी अँब्युलन्स त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडाकडे धरली, कडेच्या रंगावरून अंगठा फिरवला आणि हसले. मग बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. शब्द एकही कळला नाही. बाई वही उघडून बसल्या होत्या.

इम्तियाज म्हणाला, “बोल रहे हैं ना. आता लिहा.”

* * *

अब्बा त्याच थंडीत गेले. त्यानंतर आमच्यात क्रियापदाच्या काळावरून वाद झाला. कोणी लिहायचं ‘ट्रकला सहा चाकं आहेत’, कोणी ‘होती’. बाईंनी निकाल दिला: गाडी आज कोणाच्या तरी हातात आहे, म्हणून गाडीला ‘आहे’. कंपनी उरली नाही, म्हणून कंपनीला ‘होती’.

इम्तियाज काउंटरवरून म्हणाला, “और अब्बा? ‘सांगतात’ लिहू की ‘सांगायचे’?”

पस्तीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. तेवढ्यात लाइट गेली. एरवी भारनियमनाला आम्ही शिव्या घालायचो, त्या दिवशी बरंच वाटलं.

* * *

गाडीच्या अवस्थेबद्दल माझाच एक नियम होता. ‘खराब’, ‘मोडकी’ असं लिहायचं नाही. काय नाही ते सांगायचं आणि काय आहे तेही सांगायचं. म्हणजे ‘मागचं उजवं चाक नाही, टपाचा रंग उडालेला, बाकी शाबूत.’

माझा मोठा भाऊ वसंता लूमवर जॉबर होता, म्हणजे मशीन बिघडली की दुरुस्त करणारा. एकदा चालत्या लूममध्ये हात गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, पाठोपाठ कामही गेलं. घरी बसून होता. पाहुणे यायचे आणि त्याच्यासमोरच आईला विचारायचे, “हा बेकारच का अजून?”

नियमांचा कागद मी तपासायला घरी आणला होता. वसंतानं तो वाचला. मग कागद परत देताना म्हणाला, “माझ्याबद्दल कोणी विचारलं तर असंच सांग. दोन बोटं नाहीत. बाकी शाबूत.”

* * *

निळ्या टँकरचं पान मी लिहिलं होतं. त्यात वाक्य होतं, ‘या गाडीचं दार उघडत नाही.’ बंटीच्या कुठल्याच गाडीचं दार उघडत नसे, सगळा सांगाडा एका साच्यातला.

कोणीतरी नाव न देता त्यातला ‘नाही’ पुसला. उरलं ‘या गाडीचं दार उघडत’. ना धड वाक्य, ना अर्थ. मी दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘नाही’ गायब. असं दोन आठवडे चाललं. शेवटी बाईंनी पान लॉक केलं आणि खाली लिहिलं, ‘पुरावा असल्यास शुक्रवारी सकाळी घेऊन यावे.’ कॅफेचा पत्ताही दिला.

पुढच्या शुक्रवारी एक माणूस आला. पन्नाशीचा, अंगात खाकी शर्ट. पडघ्याहून आलो म्हणाला. हायवेवर पाण्याचा टँकर चालवायचा. खिशातून रुमाल काढला, त्यात बंटीचा निळा टँकर. त्यानं नख घातलं आणि ड्रायव्हरकडचं दार उघडलं.

पाटीलशेठनी भिंग लावून पाहिलं. “हे कंपनीचं न्हाय. पात्यानं कापलंय. टाचणीची बिजागरी केलीय.”

“मीच कापलंय,” तो म्हणाला. “पोरगी अंथरुणात होती. बाबा, तुझ्या टँकरमधी मला बसव म्हणायची. डॉक्टर बाहेर नेऊ देत नव्हता. मग हा आणला. तर म्हणाली, दार उघडत न्हाय, मी बसू कशी?”

शेठनी भिंग खाली ठेवलं. “आता कशी हाय पोरगी?”

“न्हाय आता.”

तो माझ्याकडे वळला. पान मी लिहिलंय हे त्याला कसं कळलं, कोण जाणे. “तुम्ही लिवलंय, दार उघडत न्हाय. ती रोज उघडायची.”

मी त्याला सांगणार होतो की पान सगळ्या निळ्या टँकरचं आहे, या एकाचं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो.

बाईंनी पानाचं लॉक काढलं, खुर्चीवरून उठल्या आणि त्याला बसायला सांगितलं. त्यानं एका बोटानं एकेक अक्षर मागे जात ‘नाही’ पुसला. ‘या गाडीचं दार उघडत’ एवढंच उरलं.

“झालं?” बाईंनी विचारलं.

“झालं.”

बाईंनी वाकून सेव्ह केलं.