चित्राच्या पाठीवरची गोष्ट

रामधन गेल्याची बातमी मला घाटंजीच्या बाजारात कळली. मी कांद्याच्या ढिगाशी वाकलो होतो आणि त्याच्या तांड्यावरचा कुणीतरी मागून म्हणाला, "रामधन मास्तर गेले जी. काविळीनं." कांदे घेतले की तसाच परतलो, आठवत नाही... त्याला आता काही आठवडे झाले. या पुरवणीत एरवी मोठमोठ्या माणसांवर लिहून येतं. रामधन तसा मोठा वगैरे नव्हता. झरीकडच्या जंगलातल्या एका शाळेवर मास्तर होता, वयाची तिशीही गाठली नव्हती त्यानं. पण आमच्या शाळेचं हस्तलिखित त्यानं एकदा पुरं केलं आणि मग स्वतःच मोडून पुन्हा केलं. तेवढं तरी कुठंतरी छापून यावं असं मला वाटतं.

सत्तावन्न-अठ्ठावन्नचं साल असेल. दरवर्षी संमेलनाला शाळा एक हस्तलिखित अंक काढायची. एकच प्रत. अक्षर रामधनचं, कारण त्याच्यासारखं वळणदार अक्षर तालुक्यात नसेल. चित्रं माझी, कारण दुसरा कोणी कबूल होत नव्हता. नमुन्याचा अंक आम्ही असा सजवला की विचारू नका. पानापानाला वेलबुट्टी, मथळ्यांना सोनेरी रंग. मजकूरही तसाच. दत्तूनं सागरतीरावरच्या सायंकाळीवर निबंध दिला होता, आणि आमच्या वाघाडी नदीहून मोठं पाणी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. रामधनची आई लहानपणी तिच्या बापाच्या लदेणीबरोबर, म्हणजे मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलांबरोबर, गावोगाव हिंडली होती. ती हकीकत त्यानं लिहिली, पण कशी? 'वृषभांचा तो समुदाय क्षितिजाच्या कुशीत विसावत असे.' वर्गात सगळ्यांनी हात पुसून अंक हातात घेतला, वा वा केलं आणि परत दिला. वाचला कोणीच नाही. हेडमास्तर मात्र खूश होते. संमेलनाच्या टेबलावर ठेवायला तसं काहीतरी त्यांना हवंच होतं.

रामधन तो नमुना शनिवारी घरी घेऊन गेला. त्यामागे कारण होतं. त्या वर्षानंतर त्याला शाळेतून काढून वावरात घालायचं बापाच्या मनात होतं आणि बाप फक्त त्याच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, शब्दासाठी थांबला होता. शाळेत आपण काय करतो ते तिला ऐकवावं, म्हणजे ती आपल्या बाजूनं बोलेल, असा याचा हिशेब. सोमवारी तोंड पाडून आला.

"वामन्या, हे सारं पुन्हा करा लागते."

"काहून? काय झालं?"

"याडी म्हने, कोनाची गोष्ट हाय हे? म्या म्हनलं, तुहीच. त म्हने, मंग माह्या धोळ्याचं नाव कुठी हाय? शाळेत जाऊन माह्या बैलाचं नाव इसरून येतं, त जातं कायले?"

हेडमास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. इतकं देखणं काम मोडायचं? पण रामधन हटेना, तेव्हा ते म्हणाले, मोडा, मात्र वेळेत झालं नाही तर यंदा टेबल रिकामं राहील आणि पुढल्या वर्षीपासून हस्तलिखितच बंद. म्हणजे अंकही गेला असता आणि रामधनची शाळाही. मी घाबरलो होतो, हे सांगायला आता हरकत नाही. तो घाबरलेला दिसला नाही. त्यानं एकेकाला समोर बसवलं आणि म्हणाला, लिहू नको, नुसतं सांग. दत्तूनं समुद्र सोडला आणि बाप ज्या कापसाच्या जिनात राबतो तिथल्या भोंग्याबद्दल सांगू लागला. भोंगा वाजला की त्याची आई चुलीवर तवा ठेवायची. रामधन बोरूनं ठसठशीत अक्षरात उतरून घ्यायचा, वाचून दाखवायचा, आणि सांगणाऱ्यानं मान हलवल्याशिवाय पुढं सरकायचा नाही.

वेलबुट्टी गेली, सोनेरी रंग गेला. अंक शिवायचाही नाही म्हणाला, सुटी पानं दोरीनं बांधायची. आणि चित्र पानाच्या एका बाजूला, त्याची गोष्ट पाठीमागे. इथं मात्र मी भडकलो. माझ्या चित्राच्या पाठीवर शाई?

"अरे, तांड्यावर वाचाले बसलो त सारे पोट्टे चित्र पाहाले माह्या मानगुटीवर चढले," तो म्हणाला. "पान असं उभं धरलं की चित्र त्यायच्याकडं, अक्षर माह्याकडं. आयकनाऱ्याले आयकू येते, पाहनाऱ्याले दिसते."

संमेलनाआधी आम्ही दोघं तांड्यावर गेलो. बाया-पोरं अंगणात बसली, बाप बाजूला दोरखंड वळत होता. रामधननं पान तोंडासमोर धरलं आणि वाचू लागला. धोळ्याचं नाव आलं तशी याडी हसली, शेजारणीला कोपरानं ढोसलं. एका जागी तिनं त्याला अडवलं, "तठी पानी नोतं," आणि त्यानं तिथंच खोडून दुरुस्त केलं. संपल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "जाऊ द्या याले फुडं." बाप दोरखंड वळत राहिला, नाही म्हणाला नाही. मला आजही ते आठवलं की बरं वाटतं.

संमेलनात पाहुण्यांनी पानं चाळली आणि अक्षर इतकं जाड का, एवढंच विचारलं. पुढे रामधन मॅट्रिक झाला, मास्तर झाला. वर्तमानपत्रही तो तसंच तोंडासमोर उभं धरून मोठ्यानं वाचायचा. त्याच्याशी बोलायचं तर शेवटच्या पानाशी बोलावं लागे.

परवा याडीला भेटायला गेलो. धोळ्याचं ते पान हेडमास्तरांनी तेव्हाच रामधनला देऊन टाकलं होतं. भिंतीवर खिळ्याला अडकवलेलं दिसलं, पण अक्षरं बाहेर आणि माझा बैल आत.

"याडी, माह्या बैलाचं तोंड भितीकडं काहून केलं?"

"बैल म्या पाह्यला हाय, बाबू. अक्षर तेवढं त्याचं हाय."

मग म्हणाली, वाच. मी पान उतरवलं, तो धरायचा तसं चित्र तिच्याकडे करून धरलं. पण तिनं डोळे मिटून घेतले होते. धोळ्याच्या नावापाशी मी अडलो... पुढची ओळ तिनं म्हटली. मग त्याच्या पुढची, जशीच्या तशी. मी पान तसंच धरून राहिलो. पाणी नव्हतं त्या जागेपाशी ती जरा थांबली, कोणीतरी खोडून दुरुस्त करतंय तोवर थांबावं तशी, आणि मग पुढे सांगू लागली.