मागचं उजवं चाक

गॅरेजवाल्याला सगळे शंकासुर म्हणत. स्पार्क प्लगचं नवं पाकीट आलं तरी तो आधी उजेडात धरून शिक्का तपासायचा. बायको म्हणायची, "आरशात बघून स्वतःलाच विचारतील, आपण कोण?" पण त्याला कारण होतं. तरुणपणी एका गिऱ्हाइकाच्या 'ब्रेक कालच बघितलेत' या शब्दावर त्याने गाडी सोडली आणि ती उतारावर भिंतीत घुसली. माणूस वाचला, पण कायमचा लंगडा झाला. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचा, मानायचा मात्र नाही.

एका दुपारी एक नर्स आली. घरोघरी फिरून आजाऱ्यांना इंजेक्शनं द्यायचं तिचं काम.

"काका, रस्ता ओला असला की गाडी मागून सटकते. डावीकडे वळताना जास्तच. आमचे हे म्हणतात, तुला चालवताच येत नाही. हल्ली मलाही तसंच वाटायला लागलंय."

"वेग किती असतो?"

"तीसच्या वर नाही."

सगळे असंच सांगतात, असं मनाशी म्हणत त्याने वाकून तिच्या उजव्या चपलेचा तळ बघितला. वेगात जाऊन ब्रेकवर सारखा पाय दाबणाऱ्याची चप्पल चवड्याखाली झिजते. ही धड होती.

टायर चार महिन्यांपूर्वीचे. चाकं सरळ रेषेत लावल्याची, अलाइनमेंटची पावती तिने दाखवली. ती त्याने दोनदा वाचली. आकडे फक्त पुढच्या चाकांचे होते. मग त्याने मागच्या उजव्या टायरवरून आडवा तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने करवतीसारखं. चाक सरळ न धावता तिरकं घासत होतं. गाडीच्या कडेने दोरी ताणून मोजलं, तर चाकाचं तोंड बोटभर बाहेर वळलेलं.

तो गाडीखाली शिरला. सगळीकडे चिखल, आणि मागची चाकं जोडणाऱ्या एक्सलचा उजवा तुकडा तेवढा काळाकुळकुळीत.

"ठोकलीत कुठे?"

"नाही हो!"

"ताई, एक्सल वाकलाय. वर रंग फासलाय. खरं सांगा."

ती भडकली. "खोटंच बोलायचं असतं तर दाखवायला कशाला आले असते?"

त्याला ते पटलं, हीच नवलाची गोष्ट. त्याने विचारलं, "मग अजून कोण चालवतं?"

तिचा चेहरा उतरला. तिने फोन काढला, नवऱ्याला फक्त "इकडे या" म्हणाली.

नवरा आला तो गाडीकडे न बघताच. तिने रंगाकडे बोट केलं. तो आधी "जुना असेल" म्हणाला, मग "रस्तेच तसले आहेत" म्हणाला. शंकासुर हात पुसत होता. शेवटी नवरा पुटपुटला, "तू माहेरी होतीस तेव्हा. दुभाजकावर चढली. तू घाबरशील म्हणून..."

"घाबरले नसते. स्वतःच्या हातांना मात्र सहा महिने घाबरतेय."



तीन दिवसांनी नवा एक्सल बसला. गॅरेजमागच्या उतारावर शंकासुराने पाइपाने पाणी सोडलं आणि शेजारच्या सीटवर बसून तिला चालवायला लावलं. डावं वळण आलं, तिने श्वास रोखला. गाडी न सटकता वळली.

"पुन्हा," तो म्हणाला. एकदा जमलं म्हणून तो मानणार थोडाच.

पाचव्या फेरीनंतर तिने गाडी थांबवली, पण किल्ली काढली नाही. नवरा बाहेर उभा होता. ती म्हणाली, "बसा मागे. मी चालवते."